पारजांभळातलं तेल

तेल शेकडा किती, हे सांगणं हा माझा धंदा होता. शेंगदाणा, करडई, तीळ, सरकी, खुरासणी, कधी साबणवाल्यांची करंजाची बी. पिशवी यायची, आम्ही आकडा काढायचो, पिशवीवाला आकडा घेऊन जायचा. पुण्यात सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची खासगी प्रयोगशाळा होती. मालक लिमयेसाहेब, माझ्याबरोबरीचे दामले आणि मी. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नांद्यासारख्या गावातून बी.एस्सी. होऊन आलेली मुलगी काचेच्या नळ्यांशी खेळते याचं माझ्या घरच्यांना कौतुक होतं. ती नक्की करते काय, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची असत. एकजण केसांच्या तेलाची बाटली घेऊन आले होते आणि त्यात तेल किती आहे ते सांगा म्हणाले. आम्ही हसलो, पण तपासल्यावर त्यात तेल नावालाच निघालं आणि हसू मावळलं. दुसरे एक गिरणीवाले स्वतःच्या डोळ्यांसमोरच तपासणी झाली पाहिजे म्हणून सकाळपासून स्टुलावर बसत आणि दुपारी तिथेच डुलक्या घेत. पण लोकांना सांगावी अशी गोष्ट एकच, आणि ती मला आजही पूर्ण समजली आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

त्याआधी आमचं काम थोडं सांगते. तेल मोजायची आमची नेहमीची पद्धत म्हणजे सॉक्सलेट. खाली काचेचा चंबू, त्याच्यावर उभी नळी, नळीत जाड कागदाची पुंगळी, आणि सगळ्यात वर थंड पाणी फिरवणारं काचेचं नळकांडं. पुंगळीत दाण्यांची भुकटी भरायची आणि चंबूत ईथर उकळायचं. ईथरची वाफ वर जाते, थंड होऊन थेंबाथेंबानं भुकटीवर पडते आणि तेल घेऊन खाली उतरते. असं तासन्‌तास चालू ठेवायचं. शेवटी ईथर उडवून टाकलं की चंबूत जे उरतं त्याचं वजन करायचं. ते तेल. अट एवढीच, की भुकटी खडखडीत वाळलेली हवी, कारण ईथरचं आणि पाण्याचं जमत नाही.

ओला गर असला तर दामल्यांची पद्धत. त्यात गर दोन द्रावकांबरोबर वाटायचा, मोठ्या नरसाळ्यात हलवायचा, आणि थर वेगळे झाले की तेलाचा थर खालून काढून घ्यायचा. दामले ते फार निगुतीनं करत. दोन्ही पद्धती पुस्तकातल्या, दोन्ही बरोबर. शेंगदाण्याला कुठलीही लावली तरी फारसं बिघडत नसे.

एका उन्हाळ्यात मुळशी धरणाच्या बाजूनं एक बाई आल्या. नाव सरूबाई, वय चाळिशीच्या आसपास, कपाळ मोकळं. त्यांनी फडक्यातून सुकलेली काळी फळं काढली, मनुकांपेक्षा जरा मोठी. ह्यात तेल किती ते लिहून द्या म्हणाल्या. कसलं फळ विचारलं तर रानातलं म्हणाल्या, त्याच्यापुढे काही नाही. मी फळं बियांसकट कुटली, सॉक्सलेट लावला, आकडा दिला.

पुढच्या आठवड्यात त्याच बाजूचा एक तरणा गडी आला, दगडू नावाचा. त्याच्याकडेही रानातलीच फळं होती, पण ओल्या धडप्यात गुंडाळलेली, टपोरी, जांभळ्या रसानं भरलेली. ताजी म्हणून ती दामल्यांकडे गेली. त्यांनी बिया काढल्या, गर वाटला, आकडा दिला. ही दोन्ही एकाच झाडाची फळं असतील हे आमच्या स्वप्नातही आलं नाही. एक मनुकांसारखं दिसत होतं, दुसरं जांभळासारखं.

मग एके दिवशी दोघं एकदमच जिन्यात उभी राहिली. बरोबर गावचे म्हातारे पोलीसपाटील. ही दोघं दीर-भावजय आहेत, आणि दोन्ही कागद एकाच झाडाचे, एकाच डोंगरउतारावरचे आहेत, असं पाटलांनी शांतपणे सांगितलं. एका कागदावरचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट होता.

लिमयेसाहेबांचा चेहरा उतरला. मी दोघांना बाकावर बसवलं. असे तंटे आम्ही पाहिले होते. प्रत्येकाला आपलाच कागद खरा वाटतो. म्हणून मी सरूबाईंकडे हात केला. त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "ह्यो खरा. दुसरा खोटा."

मी वाचला. तो दगडूचा कागद होता, कमी आकड्याचा. मला वाटलं, अदलाबदल झाली असेल. म्हणून दगडूकडचा मागितला. त्यानं सरूबाईंचा कागद काढला, जास्त आकड्याचा, आणि हाच खरा म्हणून सांगू लागला. मी दोघांचे कागद ज्याच्या त्याच्या हातात दिले. दोघांनी ते परत बदलून घेतले.

माझा एवढा गोंधळ त्याआधी कधी झाला नव्हता. शेवटी पाटलांनीच उलगडून सांगितलं.

सरूबाईंचे मालक कोंडिबा मागच्या पावसाळ्यात तापानं गेले. त्यांच्या उतारावर पारजांभळाची झाडं होती. पुष्कळ वर्षांपूर्वी कॉलेजच्या पोरांची एक सहल आली होती. तिच्याबरोबरच्या प्राध्यापकानं कोंडिबांना सांगितलं की हे झाड परदेशातल्या जैतुनाचं भावबंद आहे, आणि त्या जैतुनाच्या तेलावर तिकडे गावंच्या गावं जगतात. प्राध्यापक एस.टी. पकडून गेले. कोंडिबांनी ते बोलणं मनावर घेतलं. त्या दिवसापासून झाडाला कोयता लावू दिला नाही. कोळसेवाले आले, त्यांना हाकललं. घरच्या चुलीलासुद्धा त्यातली फांदी नाही. सरूबाई सरपणाला पार पलीकडच्या डोंगरावर जात, आणि भारा घेऊन येताना रोज त्याच झाडांखालून येत.

आता मालक गेल्यावर त्यांना तो उतार मोकळा करून नाचणी पेरायची होती. झाडं तोडायची तर त्यांत तेल नाही असं ठरायला हवं. दगडूला दादाची झाडं राखायची होती, म्हणून तेल आहे असं ठरायला हवं. गावानं सांगितलं, पुण्याला तपासून आणा, कागद सांगेल तसं करू. दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही, म्हणून दोघं वेगळी आली, आणि गावात आकडे वाचून झाल्यावर दोघांनी आपापल्या सोयीचा कागद उचलला.

"मग तुम्ही फळं वाळवून का आणलीत?" मी सरूबाईंना विचारलं.

त्यांनी आधी पाटलांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "उन्हात घातली हुती. तेल उडून जाईल म्हनलं."

दगडूनं ओल्या धडप्यात का आणली ते सांगायची गरजच नव्हती. रस जास्त तर तेल जास्त, असा त्याचा हिशेब.

उडालं होतं ते पाणी. पाणी गेलं की उरलेल्या फळात तेलाचा वाटा वाढतो. सरूबाईंनी तेल घालवायला म्हणून जे केलं त्यानं त्यांचा आकडा वर गेला, आणि दगडूनं तेल राखायला म्हणून जे केलं त्यानं त्याचा खाली आला. दोघांनी मनापासून लबाडी केली होती आणि दोघांची एकमेकांच्या पदरात पडली होती. दामले तोंडावर रुमाल धरून आत निघून गेले. मला मात्र हसू आलं नाही. बाई खाली मान घालून बसल्या होत्या.

साहेबांनी फेरतपासणीचा शब्द दिला. पाटलांनी स्वतः फळं पाठवायची, आणि आम्ही ती दोन्ही पद्धतींनी, बियांसकट आणि बियांशिवाय, तपासायची. मला वाटलं, आता सगळं सोपं आहे. पाणी वजा केलं की आकडे जुळणार.

ते जवळ आले, पण जुळले नाहीत. बिया धरून केलं तर एक, बिया काढून केलं तर दुसरा. सॉक्सलेटचा आकडा दामल्यांच्यापेक्षा वेगळाच येत राहिला. आम्ही एकमेकांची भांडी धुऊन पाहिली, तराजू तपासला, एकमेकांची पद्धत करून पाहिली. दामल्यांनी सॉक्सलेट लावला तर आणखीच निराळा आकडा आला. चंबूत जे उरायचं ते शेंगदाण्याच्या तेलासारखं सोनेरी नव्हतं. काळपट हिरवं, बोटाला लावलं तर तेलकट कमी, चिकट जास्त. ईथर आपल्याबरोबर सालीवरचं मेणही आणतं, पानाफळाचा रंगही आणतं, आणि तराजूला त्यातला फरक कळत नाही. मग मी इतकी वर्षं जे तोलत होते त्यात तेल किती आणि बाकीचं किती? शेंगदाण्यात तो प्रश्न कधी पडला नव्हता, कारण तिथे तेल रगड असतं. ह्या रानफळानं मला माझ्याच धंद्यात परकी करून टाकलं.

साहेबांना विचारलं, ह्यातला खरा आकडा कुठला. त्यांनी चारही आकडे एकाखाली एक लिहिले. मग म्हणाले, "बाई, आपण तेल मोजत नाही. ती पद्धत जे काढते, ते मोजतो. प्रत्येक आकड्यापुढे पद्धतीचं नाव लिहा."

असा चार आकड्यांचा कागद गावात कोण वाचणार? तेव्हा साहेबांनीच ठरवलं की मी जावं. तुम्ही त्याच बाजूच्या, तुमची भाषा त्यांना कळेल, म्हणाले. सदाशिव पेठेतून नांदे आणि मुळशी एकमेकांना चिकटलेलीच दिसत असावीत.

दगडू पौडला न्यायला आला होता. बरोबर पोतं होतं. त्यानं आदल्या दिवशी पारजांभळं गोळा करून तिथल्या तेलघाण्यावर दिली होती. घाणेवाल्यानं नाखुशीनं फिरवली. लगदा घाण्याला चिकटून बसला, जांभळं पाणी सुटलं, तेलाचा थेंब नाही. घाणा धुऊनही दगडूलाच द्यावा लागला. पोत्यात त्याचा चोथा होता. तो त्यानं मला वाटेत दाखवला आणि पोत्याचं तोंड परत बांधलं.

पुढच्या गाडीत त्यानं माझं गाव विचारलं. नांदे म्हटल्यावर तिथल्या कुणाच्या, असं विचारलं. मी ओव्हाळ म्हणून सांगितलं. तो जरा थांबला, मग खिडकीबाहेर बघायला लागला. आडनाव ऐकल्यावरच्या त्या थांबण्याची मला सवय होती. सरूबाईंच्या घरी चहा आला तो सगळ्यांना एकसारख्या कपांत आला. त्यांना आधीच कळलं होतं, की कळलं नव्हतं, की कळूनही काही वाटलं नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. चहा गुळाचा होता आणि चांगला होता.

मग झाडांकडे गेलो. मी आजवर नुसती फळं पाहिली होती. उतारावर ती गच्च हिरवी झाडं उभी होती, खाली धरणाचं पाणी मागे हटून तांबडी माती उघडी पडलेली. पाटील आणि पाचसहा माणसं सावलीला बसली. मी सांगायला सुरुवात केली.

सरूबाईंचं वाळत घातलेलं लुगडं आणि ओलं लुगडं यांचं उदाहरण दिलं. लुगडं तेच, सूत तेवढंच, पण ओलं जड लागतं. तसं फळाचं. हे सगळ्यांना पटलं. मला धीर आला. मग बियांचं सांगितलं, तेही पटलं. मग दोन पद्धतींचं सांगायला लागले आणि माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

दगडू म्हणाला, "बाई, ते ऱ्हाऊ द्या. तेल हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हणाले.

"मग घाण्यात का न्हाई निघालं?"

मी म्हणाले की थोडं आहे आणि गरात पाण्याशी मिसळलेलं आहे, दाण्यासारखं नुसतं दाबून निघत नाही. परदेशात जैतुनाचं काढतात, पण त्या फळात ते पुष्कळ असतं, आणि त्यांची यंत्रं वेगळी. आम्ही काढतो ते ईथरनं, आणि ते खायचं नसतं.

"म्हंजी हाय," पाटील म्हणाले.

"आहे."

"पन निघत न्हाई."

"इथे तरी नाही."

माझंच मला ऐकू येत होतं आणि लाज वाटत होती. एवढी शिकलेली बाई पुण्याहून येते आणि हो आणि नाही दोन्ही सांगून बसते. तेवढ्यात मागून सरूबाईंचं हसणं ऐकू आलं. त्या झाडाला टेकून उभ्या होत्या.

"मालकांवानीच हाय की मग," त्या म्हणाल्या. "आत समदं, भाईर काय निघत न्हाई."

दगडू हसला नाही. त्यानं खाली बघून पायानं माती उकरली. पाटलांनी तंबाखूची डबी काढली आणि बाकीच्यांत फिरवली. मला वाटलं, आता काहीतरी ठरेल. पण ते सगळे उठले आणि पावसाच्या आधी कौलं शाकारायच्या गोष्टी बोलत उतरायला लागले. मी चार आकड्यांचा कागद हातात धरून त्यांच्या मागे मागे. तो कुणी मागितलाच नाही. परतीच्या गाडीत मला कळेना, की मी तंटा मिटवून आले की वाढवून आले. साहेबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माहीत नाही.

पावसाळ्याच्या मध्यावर सरूबाई एकट्या आल्या. अंगावर इरलं नव्हतं, छत्री होती, नवी. बाकावर बसल्या. मी नमुना कुठे आहे विचारलं.

"न्हाई आनला. कागद पायजे."

मी तो चार आकड्यांचा कागद काढायला उठले तर त्यांनी मान हलवली. मालकांचं वर्षश्राद्ध होतं, त्याला चार गावची माणसं येणार होती. कोंडिबाच्या झाडाचं काय झालं म्हणून प्रत्येकजण विचारणार. मालकांनी इतकी वर्षं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि त्यांच्या पाठीमागे लोक काय म्हणत तेही सरूबाईंना ठाऊक होतं. येड्यात काढत. तर लोकांना दाखवायला कागद हवा होता.

"आकडा नको त्यात," त्या म्हणाल्या. "आकड्यानं भांडनं हुत्यात."

"मग काय लिहू?"

"दगडूनं इचारलं तवा तुमी काय सांगितलं? पयलं. त्येच लिवा."

मी झाडांचं विचारलं. खालच्या अंगाची तोडली, तिथे नाचणी लावली आहे, चांगली उगवली आहे, असं त्यांनी सांगितलं. सरपणही आता जवळ आहे. वरच्या अंगाची तोडली नाहीत.

"ती का ठेवलीत?"

"ठिवली," त्या म्हणाल्या, आणि छत्रीचं पाणी झटकू लागल्या.

मी साहेबांकडे गेले. दशांश चिन्हापुढे दोन आकडे नसले तर लिमयेसाहेब अहवालावर सही करत नसत, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. असा अहवाल आपण देत नाही, म्हणाले. मी मान हलवली. त्यांचं बरोबरच होतं. मी दारापर्यंत आले तेव्हा मागे टाइपरायटरचा आवाज झाला.

साहेबांनी स्वतः कागद चढवला होता. कै. कोंडिबा यांच्या शेतातील पारजांभूळ, एवढं वर, आणि खाली एक ओळ. नमुन्यात तेल आढळले. त्याखाली सही.

सरूबाईंना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग सहीशेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "शिक्का न्हाई व्हय?"

साहेब दारातच उभे होते. ते आत गेले, शिक्का आणि गादी घेऊन बाहेर आले, आणि बाकावर सरूबाईंच्या शेजारी बसून त्यांनी तो जपून, सरळ उठवला. मग ओली शाई पुसू नये म्हणून बराच वेळ कागद हातात धरून त्यावर फुंकर घालत बसले.